मातीच्या बैलाची गोम

बैल घडवायला मला एका रांजणानं शिकवलं. ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. त्या पावसाळ्यात मी किती वैतागलो होतो ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

माझ्या सासूबाई माझ्यापासून चार हातांवर, दाराआड, पदर नाकापर्यंत ओढून बसायच्या आणि मला जे सांगायचं ते ओसरीवरच्या रांजणाला सांगायच्या. सासूनं जावयासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. ज्यानं ही रीत पाडली त्याला पुढंमागं एखाद्या जावयाला सासूकडूनच हुन्नर शिकावा लागेल हे सुचलं नसावं. तो भेटला असता तर मी त्याला चिखलाबरोबर तुडवला असता.

मी मूळचा युसूफ वडगावचा. कुंभाराचं घर, भाऊ पुष्कळ आणि चाक एकच, म्हणून घरच्यांनी मला पाटोद्याकडच्या एका खेड्यात घरजावई धाडला. दोन्ही गावं मोगलाईतलीच, माती मात्र निराळी आणि माणसंही निराळी. तिथं एकुलती एक लेक, म्हातारे सासरे आणि अंगणात चाक होतं. गाव मला कधी नावानं हाकारत नसे. मी सगळ्यांचा 'पावना'. माणसाला रोज पाहुणा म्हणत राहिलं की तो इथला नाही हे त्याला रोज नव्यानं कळतं.

लग्नाला वर्ष होतंय तोवर सासरे वारले, आणि मग एकेक गोष्टी बाहेर आल्या.

त्या गावात पोळ्याला वेशीतल्या ओट्यावर मातीची बैलजोडी मांडायची चाल होती. पाटील आधी तिची पूजा करणार आणि मग खरी जनावरं तोरणाखालून जाणार. जोडी आमच्या घरानं द्यायची, हा आमचा मान, आणि त्या मानाच्या मागं सुगीतलं बलुतं. जोडी सासरे घडवतात अशी सगळ्या गावाची समजूत होती. प्रत्यक्षात घडवायच्या सासूबाई. कुंभाराच्या बाईनं चाकाला शिवायचं नाही, पण हातानं घडवायच्या मातीला तिला कोणी अडवत नाही. सासऱ्यांनी उभ्या जन्मात बैलाचा एक कानसुद्धा केला नव्हता. ते फक्त जोडी डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत चालत जायचे.

आता सासूबाई विधवा झाल्या होत्या आणि विधवेच्या हातची जोडी वेशीत चालणार नव्हती. बायकोला विचारलं, तुला येतो का बैल?

ती म्हणाली, "मला काहून शिकवतील? लेक परक्याच्या घरी जाती. हुन्नर तिकडं जाईल म्हणून मला कधी हातच लावू दिला न्हाई."

आणि मग त्याच लेकीला घरात ठेवायला माझ्यासारखा परका आणला! या कारभाराला काय म्हणावं?

सासऱ्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, भिंतीला भिंत लागून राहत. त्यांनी ही अडचण बरोबर हेरली. चावडीत जाऊन म्हणाले, "पावना वडगावचा. त्याला चाक येतं, बैल येत न्हाई. मान आमच्याकडं द्या." पाटील न्यायी माणूस. त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि निवाडा दिला, "पावन्यानं यंदाची जोडी सोताच्या हातानं करावी. दुसऱ्याचा हात लागता कामा न्हाई. वेशीत चालली तर मान तिथंच. न्हाई चालली तर धाकट्याकडं."

मान गेला की बलुतं जाणार आणि बलुतं गेलं की चूल. मी बायकोला घेऊन भावांच्या वळचणीला परतलो असतो, पण सासूबाईंनी कुठं जायचं? लेकीच्या सासरच्या दारात राहायला त्या मेल्या तरी येणार नव्हत्या, आणि दिराच्या घरी पडणारा तुकडा कसा असतो ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही. जावयाशी बोलायचंच नव्हतं ना!

मला मात्र काळजी नव्हती. चाकावर माझा हात चांगला बसला होता. फिरत्या मातीवर दाबून दाबून माझा अंगठा घोटीव झाला होता. एकदा चावडीत अंगठा उठवायला गेलो होतो तर कागदावर नुसता शाईचा डाग उठला, एक रेघ नाही. पटवारी खेकसला, "अंगठा हाय का भजं, बे?" लोक हसले, पण मला त्या अंगठ्याची घमेंडच वाटली. एवढा हात फिरलेल्या माणसाला एक बैल काय जड?

तळ्याचा गाळ आणला, त्यात राख आणि गाढवाची लीद घातली, लोण्यासारखी माती मळली आणि एका सकाळीत बैल उभा केला. डौलदार शिंगं, उंच वशिंड, गळ्याखाली कातड्याची लोंबती पोळी, पायापर्यंत शेपूट. लांबून बघून मीच खूष झालो. बायकोला म्हणालो, आईला दाखव.

ती आत गेली आणि बाहेर आली. "आई म्हणती, भिंतीवरचा हाय."

"भिंतीवरचा म्हणजे?"

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "पोळ्याला बायका भिंतीवर गेरूनं काढतात, तसा. एकाच बाजूचा. समोरनं बघा म्हणती."

मी समोरून पाहिलं. समोरून बैल नव्हताच. भाकरीला उभं करून तिला शिंगं लावावीत तसं काहीतरी होतं. दोन शिंगांच्या मध्ये कपाळाला जागाच ठेवलेली नव्हती. मी वाकून बघतोय तोवर तो कलला आणि आडवा झाला.

पुढचे काही दिवस बायको आतबाहेर करत राहिली. ती बिचारी अर्धं विसरायची, अर्धं आपल्या मनाचं घालायची. आई म्हणाली 'मान जड', तर ही येऊन सांगायची 'मान लांब'. मी मान आखूड करायचो आणि बैल डुकरासारखा दिसायचा. शेवटी एक दिवस तिनं पीठ भरलेले हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "तुमा दोघांचं काय असंल ते त्या रांजणाला सांगा. मला भाकरी थापायच्या हायेत."

दुसऱ्या दिवशी दाराआडून आवाज आला, "रांजणा, त्यांना म्हणावं, बैलाला मागचे पाय बी असतात."

तेव्हापासून रांजण माझा गुरू झाला.

माझं दुखणं त्या बाईनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. चाकावरची वस्तू सगळीकडून सारखी असते. कुंभार एका जागी बसतो, माती त्याच्यापुढं फिरते, एक कड साधली की सगळं मडकं साधलं. बैल तसा होत नाही. त्याला पुढून एक रूप, मागून दुसरं, वरून तिसरं, आणि एका बाजूला नीट केला की दुसरीकडून बिघडतो. मी पुढचे खांदे भरले की मागचे पुठ्ठे पडायचे. पुठ्ठे भरले की डोकं हलकं होऊन बैल ढुंगणावर बसायचा. मी ओरडायचो, आणि दाराआडून शांतपणे येणार, "रांजणा, त्यांना म्हणावं, बसून करू नगा. बैल फिरत नसतो, आपुन फिरावं."

उठलो. फिरलो. बैलाभोवती घाण्याच्या जनावरासारखा फेऱ्या घालत माती लावायची, आणि शेजारच्या भिंतीवरून चुलत सासऱ्यांनी मान काढून विचारायचं, "काय पावनं, तेल निघालं का?"

सासूबाई पुढं येत नसत, मग त्यांना माझा बैल दिसायचा कसा, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा कळलं. तिसऱ्या प्रहरी ऊन ओसरीत शिरायचं आणि बैलाची सावली लांबून उंबऱ्यावर पडायची. त्या सावली बघत होत्या! "रांजणा, बैलाखालचा पाट जरा फिरवा म्हणावं. आजून. आजून. हां. हितं पोट कुठं गेलं?" मी बैलाकडं बघायचो तर पोट जागच्या जागी असायचं. सावलीकडं बघायचो तर पोटाच्या जागी खापरासारखी सरळ रेघ. ज्या बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं ती बाजू सावलीनं दाखवली होती. हे पटलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रागच आला. इतके दिवस मी जे मान मोडून बघत होतो ते ही बाई उंबऱ्यावरच्या काळ्या डागात बघत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

मग पायांचं प्रकरण निघालं. पाय जाड केले की बैल पाटासारखा दिसे, बारीक केले की वाळताना तडकत. "रांजणा, त्यांना इचारावं, पोटाखाली काय हाय?"

मी रांजणाला म्हणालो, "पोटाखाली काय असणार? काही न्हाई."

"ते काही न्हाई बी घडवावं लागतं म्हणावं."

हे मात्र मला लगेच कळलं, कारण मडक्यातलं 'काही नाही' मी जन्मभर घडवत आलो होतो. पाणी त्यातच राहतं. पायांकडं बघायचं सोडून मी पायांमधल्या मोकळ्या जागेकडं बघायला लागलो आणि पहिल्यांदा माझा बैल रात्रभर उभा राहिला. सकाळी तो उभा दिसला तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "हां, उभा हाय की," आणि सरपण घेऊन आत गेली.

एक जमला म्हणून मी त्याच मापानं, तस्साच दुसरा केला. शेजारी शेजारी ठेवले. त्यांची सावली उंबऱ्यावर पडू दिली. मग, "रांजणा, ही जोडी न्हाई म्हणावं. हे दोन बैल हायेत."

मी अक्षरशः चिखलाचा गोळा भिंतीवर मारला. दोन म्हणजेच जोडी ना? तेव्हा बायको चुलीपासून म्हणाली, "आवं, एक डावा असतो, एक उजवा. मधी जू असतं." मी दोघांच्याही माना उजवीकडं वळवल्या होत्या. जुवाखाली एक सोबत्याकडं बघत होता आणि दुसरा सोबत्याला सोडून रानाकडं. बैलाच्या गावात राहून ही चूक करणारा मी एकटाच असणार. दुसरा मोडला आणि पुन्हा घडवला, पहिल्याकडं बघणारा.

शेवटचा धडा गोमेचा. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा किंवा वळलेली रेघ असते तिला गोम म्हणतात. वाईट जागी गोम असलेलं जनावर कुणी फुकट दिलं तरी दावणीला बांधत नाहीत. आणि त्या गावचे लोक मातीच्या बैलालाही यातून सूट देत नसत. ओल्या मातीवर बोटाचा ठसा राहिला तर तो भोवराच, मग तो कुंभाराचा असो की कुणाचा. "रांजणा, बोट उठू देऊ नगा म्हणावं. बाजारात जनावर तपासतात तशी जोडी तपासतात."

मी हसून रांजणाला म्हणालो, "माझ्या अंगठ्याला रेघच न्हाई. गोम उठंल कुठनं?"

खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, जोडी ओसरीवर तयार होती. या जोडीला रंग देत नसत, पूजा होऊन ओढ्यात जायची म्हणून कच्चीच ठेवायची. वरून पावसाळी हवा, माती पुरती वाळलेली नव्हती. चुलत सासरे भिंतीपलीकडं उगीच खाकरत उभे होते. दाराआडून सासूबाईंचा दबका आवाज आला, "रांजणा, पाठ बसलीया."

मी बायकोला म्हणालो, "आईची पाठ धरलीय वाटतं. तेल कोमट करून चोळ."

"रांजणा, पाठ," पुन्हा आवाज आला.

"अगं लवकर चोळ, लई दुखतंय त्यांना," असं म्हणून मी गाढवं आणायला ओढ्याकडं गेलो. परत आलो तेव्हा सासूबाई तेल लावलेल्या पाठीनं निजल्या होत्या आणि जोडी फडक्याखाली झाकलेली होती.

पोळ्याच्या दिवशी जोडी डोक्यावर घेऊन मी वेशीत गेलो. सारा गाव जमलेला. झुली घातलेली, शिंगं रंगवलेली जनावरं तोरणाअलीकडं दाटली होती. बायका लांब, आणि सासूबाई त्यांच्याही मागं. मी जोडी ओट्यावर ठेवली. पाटील खाली बसले. पाटोद्याच्या बाजारात सौदा करायच्या आधी बघतात तसंच त्यांनी बघितलं. आधी मागून, मग बाजूनं, मग समोरून. पायांमधून आरपार. डावा, उजवा. "उभे हायेत," ते म्हणाले. "एकमेकाला धरून हायेत." माझी छाती फुगली. मग त्यांनी डाव्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि वशिंडामागं तो थांबला.

"गोम हाय."

चुलत सासरे पुढंच होते. "बघा! म्हणलो व्हतो का न्हाई? वडगावच्या माणसाला काय कळतंय!"

मी वाकलो. पाठीवर अंगठ्याचा ठसा होता, नखाएवढा, आणि त्यात गोल गोल रेघा, एकीत एक. मी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं. मग मला सगळं उलगडलं. पाठ बैलाची बसली होती! ओली माती पोटाच्या वजनानं खाली आली होती, त्या मला ते सांगत होत्या, आणि मी त्यांना तेल चोळायला लावत होतो. मी ओढ्याकडं गेल्यावर त्यांनी येऊन ती पाठ उचलली होती आणि त्यांचा अंगठा तिथं उठला होता.

 तो ठसा माझा नाही असं म्हटलं तर तो विधवेचा निघणार आणि जोडी जाणार, मान जाणार, शिवाय तिचं नाव गावभर होणार. माझा म्हटलं तर गोम माझी आणि जोडी तरीही जाणार. आणि पटवारी दोन हातांवर उभा होता. त्याला ते भजं आठवलं तर?  मनात त्या बाईवर इतका चिडलो होतो की डोळ्यांत पाणी आलं. एकदा, फक्त एकदा रांजण सोडून माझ्याशी बोलली असती तर!

बायकांच्या मागून कुणीतरी वाट काढत आलं. पदर नाकापर्यंत होता, म्हणून आधी मी पाय ओळखले. सासूबाई ओट्यापाशी येऊन थांबल्या. गडी माणसं मागं सरली. विधवेनं इथवर यायचं नसतं हे कुणी म्हणायच्या आतच त्या बोलल्या, आणि रांजण घरी होता.

"जावई, पुसा ती. तुमच्या अंगठ्यानं पुसा."

सगळ्यांना ऐकू गेलं. मी पूजेच्या तांब्यात अंगठा बुडवला आणि बैलाच्या पाठीवरून वशिंडापासून शेपटीपर्यंत ओढला, चाकावर कड ओढतो तसा. पुन्हा बुडवला, पुन्हा ओढला. रेघा गेल्या. माझा अंगठा मागं काहीच ठेवून गेला नाही. पाठ नुकत्या धुतलेल्या जनावरासारखी तुळतुळीत झाली.

"आसं व्हय?" चुलत सासरे म्हणाले. "गोम आशी पुसून जाती व्हय?"

पाटलांनी पुन्हा हात फिरवला. "मातीची व्हती. गेली." मग म्हणाले, "निवळ हाय. जोडी चालंल."

पटवाऱ्यानं आधी बैलाकडं पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडं. मी मूठ मिटली. तो तोंड फिरवून मोठ्यानं म्हणाला, "आटपा, बे! जनावरं कवाची खोळंबलीत."

हळदकुंकू पडलं, वाजंत्री सुरू झाली. मी मागं वळलो तेव्हा सासूबाई निघून गेल्या होत्या.

घरी आलो तो मी धुमसतच. मान राहिला याचा आनंद झाला होता, पण तो रागाच्या खाली कुठंतरी होता. सासूबाई दाराआड बसलेल्या. मी सरळ रांजणापुढं उभा राहिलो आणि त्याच्यावर ओरडलो, "येवढा पावसाळा गेला! एक डाव थेट सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? वेशीत जीव चालला व्हता माझा!"

 बायको चुलीपुढं तोंड दाबून हसत होती. मग दाराआडून रोजचा तोच आवाज आला.

"रांजणा, त्यांना म्हणावं, पुढल्या पोळ्याला पाठ बसू देऊ नगा."

पुढल्या पोळ्याला. मी रांजणाला 'बरं' म्हणालो आणि हात धुवायला गेलो.